पराभवाची बेगमी

मैदानावर झालेल्या पराभवाने जो कायमचा खचतो, त्याला खेळाचा रसिक म्हणवत नाही. कारण दोन संघ परस्परांसमोर उभे ठाकले की त्यांतील एकाच्या पदरी अपयश येणार हे गृहीत धरूनच प्रेक्षक तिकीट काढतो, आणि मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघाला १६२ सामने खेळावयास लावणाऱ्या अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये तर उत्तमातला उत्तम संघही वर्षाकाठी साठेक वेळा हरतोच हरतो. असा पराभव रात्री जिव्हारी लागतो आणि सकाळी विसरता येतो. परंतु पराभवाचा दुसराही एक प्रकार आहे. तो मैदानावर घडत नाही. हिवाळ्यात, मैदान बर्फाखाली गेलेले असताना, कचेरीतल्या टेबलावर त्याची तरतूद होते, पुढील हंगामाच्या जमाखर्चात त्याला आगाऊ मंजुरी मिळते, आणि वसंतात जेव्हा पहिला चेंडू पडतो तेव्हा प्रेक्षकाला सोडून बाकी सर्वांना निकाल ठाऊक असतो. पहिला पराभव क्षम्य आहे. दुसरा क्षम्य नाही, आणि तो निमूटपणे सोसण्याचे कर्तव्य कोणत्याही प्रेक्षकावर नाही, एवढे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

ज्या संघामुळे हे लिहावेसे वाटले तो पेन्सिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहराचा ‘पायरेट्स’ संघ होय. अलेघेनी आणि मोनोंगहेला या दोन नद्यांच्या संगमातून जेथे ओहायो नदी निघते, त्या ठिकाणी वसलेले आणि पोलादाच्या भट्ट्यांवर वैभवास चढलेले हे शहर नोकरीच्या निमित्ताने माझे झाले. आणि शहर आपले झाले की त्याचा संघही आपला होतो, हा अनुभव परदेशी राहिलेल्या अनेक मराठी माणसांना असेल. क्रिकेटवर वाढलेल्या मनाला हा खेळ समजावयास वेळ लागला नाही. चेंडू टाकणारा पिचर आणि तो टोलावणारा फलंदाज यांच्यातले द्वंद्व तेच, संथपणे वाढत जाणारा ताण तोच, आणि रिकाम्या वेळात आकड्यांवर वाद घालीत बसण्याचे सुखही तेच.

या संघाची आजची अवस्था कळण्यास एका खेळाडूचा एकच हंगाम पुरेसा आहे. पॉल स्कीन्स हा तरुण पिचर २०२५ साली मेजर लीगच्या दोन विभागांपैकी नॅशनल लीगमधील सर्वोत्कृष्ट पिचरला मिळणाऱ्या ‘साय यंग’ पुरस्काराचा मानकरी ठरला, आणि मतदारांपैकी एकाचेही मत त्याच्याविरुद्ध गेले नाही. नऊ इनिंगांच्या पूर्ण सामन्यामागे सरासरी दोन धावाही त्याच्या खात्यावर पडल्या नाहीत. तो आकडा १.९७ होता. आता त्याच्या नावावरील जयपराजय पाहावेत: दहा विजय आणि दहा पराभव. ज्याच्या चेंडूपुढे साऱ्या लीगचे फलंदाज हतबल होतात, त्याला जिंकलेल्या प्रत्येक सामन्यामागे एक सामना हरावा लागला. कारण तो चेंडू टाकीत असताना त्याच्या संघाच्या फलंदाजांना धावाच जमत नव्हत्या. मे महिन्यात फिलाडेल्फियात त्याने संघाच्या वाट्याला आलेल्या आठही इनिंग एकट्याने टाकल्या, प्रतिस्पर्ध्याला केवळ एक धाव मिळू दिली, आणि सामना ०–१ असा गमावला. त्या वर्षी पायरेट्सनी ७१ सामने जिंकले, ९१ गमावले, आणि तीस संघांत सर्वांत कमी, म्हणजे ११७ होमरन (मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले. फलंदाजीचे हे दारिद्र्य दैवाने आलेले नव्हते. हंगामापूर्वीच्या हिवाळ्यात हाताशी असा पिचर असूनही त्याच्या पाठीशी चांगले फलंदाज उभे करण्यास जो खर्च लागतो तो करावयाचा नाही, असे ठरले होते, आणि जे ठरले होते तेच झाले.

पिट्सबर्गच्या प्रेक्षकाला मैदानावरच्या पराभवाचे भय वाटते असे कोणी समजू नये. बेसबॉलच्या इतिहासातील एक अत्यंत क्रूर पराभव त्याने १४ ऑक्टोबर १९९२ रोजी पाहिला आहे. अटलांटा येथे नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतील सातवा आणि निर्णायक सामना होता. आठ इनिंगांपर्यंत पायरेट्सच्या डग ड्रॅबेकने प्रतिपक्षाला एकही धाव दिली नव्हती. पायरेट्स दोन धावांनी पुढे होते, आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची मालिका, अवघ्या तीन बळींवर येऊन ठेपली होती. नवव्या इनिंगच्या आरंभी टेरी पेंडलटनने दोन बेसांचा फटका मारला. होसे लिंड या लौकिकवान क्षेत्ररक्षकाच्या हातून साधा चेंडू सुटला. सिड ब्रीमला चार चेंडू बाहेरचे मिळून फुकट बेस मिळाला, आणि तिन्ही बेस भरले. ड्रॅबेकच्या जागी स्टॅन बेलिंडा आला. एक धाव गेली, दोन बळी पडले, आणि अखेर फ्रान्सिस्को काब्रेरा नावाचा, त्या हंगामात क्वचितच दिसलेला बदली फलंदाज समोर आला. त्याने चेंडू डावीकडे मारला. तिसऱ्या बेसवरचा धावपटू सहज घरी पोचला. बॅरी बाँड्सने चेंडू उचलून फेकला. दुसऱ्या बेसवरून, शस्त्रक्रियांनी जर्जर झालेल्या गुडघ्यांवर सिड ब्रीम धावत सुटला, आणि कॅचर माइक लाव्हॅलियरचा हात त्याला लागण्याच्या निमिषभर आधी त्याचा पाय होमप्लेटला लागला. हा ब्रीम दोन वर्षांपूर्वीपर्यंत पिट्सबर्गचाच खेळाडू होता.

असल्या पराभवाला दुःख म्हणावे, त्याला अन्याय म्हणता येत नाही. दोन्ही पक्षांनी सर्वस्व पणाला लावले आणि एक वीतभर कमी पडला. खरा घात त्यानंतर झाला. बॉबी बोनिया आदल्याच वर्षी न्यूयॉर्कला गेला होता. जॉन स्मायली या पिचरची त्या वसंतातच मिनेसोटाला रवानगी झाली होती. आणि डिसेंबर संपण्यापूर्वी ड्रॅबेक ह्यूस्टनला, तर दोनदा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला बाँड्स ४ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरांच्या करारावर सॅन फ्रान्सिस्कोला गेला. त्यानंतर १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग वीस हंगाम हा संघ जिंकलेल्यापेक्षा हरलेले सामने अधिक अशा अवस्थेत राहिला. अमेरिकेतील व्यावसायिक सांघिक खेळांत सलग इतकी वर्षे असे अपयश दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आले नव्हते. त्या काळात जन्मलेले मूल शाळा संपवून महाविद्यालयात गेले, तरी आपल्या संघाचा एकही यशस्वी हंगाम त्याने पाहिलेला नव्हता.

येथे कोणी म्हणेल की खेळाडूंची ये-जा हा या व्यवसायाचा धर्मच आहे, त्यात रागावण्यासारखे काय? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच त्याचा नीट विचार केला पाहिजे. खेळाडूंची अदलाबदल ही स्वतः पापही नाही आणि पुण्यही नाही. पायरेट्सचा सर्वांत थोर खेळाडू रोबेर्तो क्लेमेंते हा १९५४ साली ब्रुकलिन डॉजर्सच्या दुय्यम संघात दुर्लक्षित पडला होता. चाणाक्ष कारभारी ब्रँच रिकी यांनी त्या वर्षीच्या खेळाडू-निवडीत अवघ्या चार हजार डॉलरांत त्याला पिट्सबर्गला आणले, आणि १९६० व १९७१ ही दोन विश्वविजेतेपदे त्याच्या साक्षीने या शहरात आली. याच रिकींनी सलग सात हंगाम होमरनांत अग्रेसर राहिलेल्या राल्फ काइनरला १९५३ साली शिकागोला देऊन टाकले. वेतनाची बोलणी चालू असता ‘तू असताना आपण तळाला होतो, तू नसलास तरी तळालाच राहू’ असे त्यांनी त्याला सुनावल्याचे सांगतात. तेव्हाही शहर हळहळले. परंतु रिकींच्या प्रत्येक हालचालीमागे काही वर्षांनी का होईना जिंकावयाचे, हा संकल्प होता, आणि १९६० सालच्या १३ ऑक्टोबरला बिल मॅझेरॉस्कीच्या होमरनने न्यूयॉर्क यँकीजचा अखेरच्या क्षणी १०–९ असा पाडाव झाला, तेव्हा तो सिद्धीस गेला. तेव्हा प्रश्न ‘कोण गेला’ हा नाही; ‘कशासाठी गेला’ हा आहे.

या कसोटीवर पायरेट्सच्या अलीकडच्या हालचाली घासून पाहाव्यात. २००३ च्या जुलैत अरामिस रामिरेझ हा पंचवीस वर्षांचा, उभारीतला फलंदाज शिकागोला दिला गेला, तो कर्जाची बाजू सावरण्यासाठी; त्याच्या बदल्यात आलेल्यांपैकी कोणी लक्षात राहिला नाही. २०१३ साली वीस वर्षांचा वनवास संपला. अँड्र्यू मॅकचेन सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, आणि १ ऑक्टोबरच्या रात्री चाळीस हजार प्रेक्षकांनी सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटो याच्या नावाचा असा एकसुरी गजर केला की त्याच्या हातातून चेंडू खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन मारला. २०१५ साली संघाने ९८ सामने जिंकले. अशा वेळी संघ आणखी बळकट करावयाचा असतो. परंतु त्याच डिसेंबरात नील वॉकर या पिट्सबर्गच्याच सुपुत्राला न्यूयॉर्कला देऊन जॉन नीस नावाचा पिचर घेण्यात आला, आणि तो इतका निरुपयोगी ठरला की आठ महिन्यांत त्याला आला तेथेच परत पाठवावे लागले. जे. ए. हॅप हा पिचर टोरोंटोला जाऊ दिला. तेथे त्याने पुढच्याच हंगामात वीस सामने जिंकले. २०१६ साली पायरेट्स ७८ विजयांवर घसरले.

मग आला २०१८ चा जानेवारी. अवघ्या तीन दिवसांत गेरिट कोल ह्यूस्टनला आणि मॅकचेन सॅन फ्रान्सिस्कोला रवाना झाले. मालकांनी संघ विकून टाकावा, असा अर्ज निघाला आणि त्यावर हजारो नागरिकांनी सह्या केल्या. त्याच वर्षी ३१ जुलैला, अदलाबदलीची मुदत संपत आली असता, टॅम्पा बेच्या क्रिस आर्चरसाठी टायलर ग्लास्नाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तीन तरुण देण्यात आले. आर्चर पिट्सबर्गमध्ये बहरला नाही. गेलेल्यांपैकी ग्लास्नाऊ व मेडोज यांची पुढे ऑल-स्टार संघांत निवड झाली. या शेवटच्या व्यवहारात निदान जिंकण्याचा उद्देश होता, म्हणून तो चुकीचा असूनही मी त्याला दोष देत नाही. निर्णय चुकणे मनुष्यधर्म आहे. दोष आहे तो ज्या व्यवहारात जिंकण्याचा उद्देशच नसतो त्याचा.

पिट्सबर्ग लहान, पैसा कमी, मग करणार काय, हे समर्थन नेहमी पुढे येते. त्याचे उत्तर मिलवॉकीकडे आहे. ते शहरही लहान आहे, बेसबॉलच्या बाजारपेठांत त्याचा क्रमांक तळाशी लागतो, आणि त्या संघानेही जॉश हेडर, कॉर्बिन बर्न्स, डेव्हिन विल्यम्स असे एकाहून एक पिचर वेतन परवडेनासे होण्यापूर्वी दुसऱ्यांना दिले. तरी २०२५ साली त्या संघाने ९७ सामने जिंकले, आणि तीस संघांत त्याहून अधिक विजय कोणाचेही नव्हते. कारण तेथे जाणाऱ्या खेळाडूच्या मोबदल्यात पुढच्याच वसंतात मैदानावर उतरेल असा खेळाडू मागितला जातो. पिट्सबर्गमध्ये मात्र अनेकदा मोबदला म्हणून केवळ भविष्यकाळ हातावर ठेवला जातो.

अर्थात विषमता खरी आहे, आणि ती नाकारून मालकांवर राग काढणे न्यायाचे होणार नाही. लॉस एंजेलिसचे डॉजर्स पायरेट्सच्या तिपटीहून अधिक वेतन देतात. एकट्या शोहेइ ओतानीचा करार ७० कोटी डॉलरांचा आहे. ही दरी बुजावी म्हणून मेजर लीगमध्ये एक व्यवस्था आहे: प्रत्येक संघाच्या निव्वळ स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के भाग एका सामाईक खजिन्यात जमा होतो आणि तीस संघांत समान वाटला जातो, म्हणजे श्रीमंत संघाचा पैसा गरीब संघाकडे जातो. ज्यांना हे साहाय्य मिळते त्यांनी त्याचा विनियोग संघाची मैदानावरील कामगिरी सुधारण्यासाठीच करावा, असे करारनाम्यात स्पष्ट लिहिलेले आहे. तो तसा होत नाही, अशी फिर्याद खेळाडूंच्या संघटनेने २०१८ साली पायरेट्ससह चार संघांविरुद्ध दाखल केली. विनियोगाचे कलम असले तरी प्रत्येक संघाला बंधनकारक अशी किमान वेतनाची मर्यादा त्यात नाही, आणि मर्यादा नसलेले कलम ही बव्हंशी सदिच्छाच होय.

शिवाय ही मालकी इतर व्यवसायांसारखी नाही. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मोकळे ठेवले, आणि ते संरक्षण आजही बव्हंशी टिकून आहे. त्यामुळे पिट्सबर्गच्या कारभाराला कंटाळून दुसऱ्या कोणी उद्या तेथे मेजर लीगचा दुसरा संघ काढावा म्हटले तर ते शक्य नाही. युरोपातील फुटबॉलप्रमाणे तळाच्या संघाला खालच्या वर्गात ढकलण्याची पद्धतही येथे नाही. उलट तळाच्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत अग्रहक्काची संधी अधिक मिळते. पायरेट्सनी २०२१ मध्ये १०१ आणि २०२२ मध्ये १०० सामने गमावले, आणि त्यानंतरच्या निवडीत पहिल्या क्रमांकाने त्यांना स्कीन्स मिळाला. म्हणजे हरण्याला दंड नाही, बक्षीस आहे. त्यात भर म्हणून मैदान जनतेचे. पीएनसी पार्क हे अलेघेनीच्या काठावरचे अतिशय रमणीय मैदान २००१ साली सुमारे २१ कोटी ६० लाख डॉलर खर्चून उभे राहिले. त्यांपैकी संघाचा वाटा ४ कोटींचा, आणि बाकीचा बहुतेक भार सार्वजनिक पैशावर पडला. त्यापूर्वी १९९७ साली यासाठी विक्रीकर वाढविण्याचा प्रस्ताव मतदारांनी नामंजूर केला होता. तरीही दुसऱ्या मार्गाने पैसा उभा करण्यात आला. कायद्याने स्पर्धेपासून संरक्षण द्यावे, जनतेने मैदान बांधून द्यावे, इतर संघांनी उत्पन्नाचा वाटा द्यावा, आणि इतके सारे घेऊनही मालकाने आपण केवळ खासगी मालमत्तेचे धनी आहोत असे म्हणावे, हे नीतीला धरून नाही. अशा ठिकाणी मालक हा मालमत्तेचा विश्वस्त असतो.

विश्वस्तपणाची ही जाणीव कोठे क्षीण झाली आहे हे २०२५ च्या एप्रिलमध्ये दोन लहान गोष्टींनी दाखवून दिले. पीएनसी पार्कची उजवीकडची भिंत एकवीस फूट उंच आहे, ती क्लेमेंतेच्या २१ या क्रमांकाच्या स्मरणार्थ. निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जात असता १९७२ च्या ३१ डिसेंबरला विमान कोसळून तो गेला. त्या शहरात त्याच्याविषयीची भावना भक्तीहून वेगळी काढता येत नाही. त्या भिंतीवरचे त्याचे २१ हे चिन्ह काढून तेथे एका मद्यपेयाची जाहिरात लावली गेली. कुटुंबीयांनी आणि नागरिकांनी आवाज उठविल्यावर संघाने चूक मान्य करून चिन्ह पूर्ववत बसविले. त्याच सुमारास मैदानाच्या बांधणीवेळी सामान्य प्रेक्षकांनी पैसे भरून, आपल्या आईवडिलांची, मुलांची, निवर्तलेल्या आप्तांची नावे कोरून घेतलेल्या विटा एका भंगार पुनर्वापर केंद्राच्या ढिगाऱ्यात पडलेल्या आढळल्या. त्या विटा झिजल्या होत्या, त्या बदलणे आवश्यक होते, हे सारे मान्य. पण ज्याने वडिलांचे नाव कोरून घेतले होते त्याला आधी एक शब्द कळविण्याचे कोणाच्या मनात येऊ नये? त्याच महिन्यात घरच्या पहिल्या सामन्याला प्रेक्षकांनी ‘संघ विका’ असा घोष केला. तो घोष कोणत्याही एका पराभवाविरुद्ध नव्हता.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे: या रागाचा धनी खेळाडू होऊ नये. बाँड्स पिट्सबर्गला परतला की त्याची हुर्यो उडविली जाई, आणि आपल्या वानखेडे मैदानावर २०२४ साली गुजरातहून अदलाबदलीने आलेल्या हार्दिक पांड्याची रोहित शर्माच्या जागी कर्णधार केल्याबद्दल जी अवहेलना झाली तीही त्याच जातीची होती. निर्णय व्यवस्थापनाचा, शिव्या खेळाडूला. बेसबॉलच्या खेळाडूने आपले स्वातंत्र्य फार महागात मिळविले आहे. कर्ट फ्लडने १९६९ साली फिलाडेल्फियाला झालेली आपली बदली नाकारली, आपण कोणाची विकाऊ वस्तू नाही असे कमिशनरला लिहून कळविले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली आणि १९७२ साली तो दावा हरला. त्याची कारकीर्द संपली, पण १९७५ च्या लवादाच्या निवाड्याने त्याच्यामागून आलेल्यांना मोकळीक मिळाली. आज सहा वर्षे सेवा झालेला खेळाडू हवा तेथे जाऊ शकतो. तो हक्क मला प्रिय आहे, आणि स्कीन्स उद्या दुसरीकडे गेला तर मी त्याला दोष देणार नाही.

परंतु याच सहा वर्षांच्या नियमाने प्रेक्षकाचे काय केले आहे ते पाहावे. मैदानात माझ्या शेजारी बसणारे एक वृद्ध गृहस्थ, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, जाड पुठ्ठ्याच्या वहीत पेन्सिलीने प्रत्येक चेंडूची नोंद करतात. त्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी संघातील तरुण खेळाडूंची नावे लिहून प्रत्येकापुढे त्याचे सेवेचे दिवस मांडले आहेत, कारण १७२ दिवस भरले की सेवेचे एक वर्ष होते आणि सहा वर्षे भरली की खेळाडू मोकळा होतो. स्कीन्सच्या नावापुढे २०२९ हे साल आहे. जो माणूस खेळ पाहावयास आला त्याला मुनिमाप्रमाणे खतावणी ठेवावी लागते, आवडता खेळाडू उत्तम खेळला की आनंदाबरोबरच ‘आता हा महाग झाला’ अशी धास्ती वाटते, आणि डेव्हिड बेडनारसारखा शहराजवळच्या मार्स गावचा मुलगा ३१ जुलै २०२५ रोजी यँकीजच्या हवाली झाला तर दुःखाऐवजी ‘अपेक्षितच होते’ असे शब्द तोंडातून येतात. कौतुकाला भयाची कीड लावणारी ही व्यवस्था पराभवाहून अधिक नुकसान करते.

न्यायाने हेही नोंदविले पाहिजे की गेल्या हिवाळ्यात व्यवस्थापनाने ब्रँडन लाउ आणि रायन ओ’हर्न हे फलंदाज आणले, आणि २०२३ साली ब्रायन रेनल्ड्सशी आठ वर्षांचा, १० कोटी डॉलरांहून मोठा करार केला. मी त्याचे मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु नागरिकांचे समाधान मालकाच्या त्या त्या वर्षीच्या मर्जीवर अवलंबून राहू नये. मर्जीची जागा नियमाने घेतली पाहिजे.

तशी संधी समोर आहे. मालक आणि खेळाडू यांच्यातील सध्याचा करारनामा १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. मालकांच्या गोटातून वेतनाच्या कमाल मर्यादेची मागणी पुन्हा पुढे येत आहे. खेळाडूंचा तिला जुना विरोध आहे, आणि याच वादातून १९९४ च्या ऑगस्टमध्ये संप होऊन त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली होती. माझे म्हणणे एवढेच की कमाल मर्यादेची चर्चा करण्याआधी किमान मर्यादा ठरवावी. अमेरिकन फुटबॉलमध्ये ती आहे, आइस हॉकीमध्ये आहे, आणि त्या दोन्ही खेळांतले पिट्सबर्गचे संघ, स्टीलर्स व पेंग्विन्स, त्याच शहरात, त्याच लोकांच्या आधारावर अनेकदा अजिंक्य झाले आहेत. आपल्या आयपीएलमध्येही संघांना लिलावाच्या रकमेपैकी किमान पाऊण हिस्सा खर्च करावाच लागतो. किमान खर्चाने विजेतेपद मिळत नाही हे खरे. पैसा उधळूनही हरणारे संघ पुष्कळ आहेत. मात्र किमान मर्यादा असली की हरण्यातून नफा काढण्याची वाट बंद होते, आणि एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

मैदानावर जाणेच सोडावे, मग मालक ताळ्यावर येतील, असा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. तिकिटाचा पैसा हा आता उत्पन्नाचा एक भाग झाला आहे. दूरचित्रवाणीचे हक्क आणि सामाईक खजिन्यातील वाटा खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी मिळतच राहतात, आणि बहिष्काराची शिक्षा मालकाला न होता मुलाला बोटाशी धरून आणणाऱ्या बापालाच होते. प्रेक्षकाने जावे, टाळ्या वाजवाव्यात, स्कीन्सचे चेंडू डोळे भरून पाहावेत. पण आपला आवाज तेथेच न सोडता तो करार लिहिणाऱ्यांच्या कानी घालावा, लोकप्रतिनिधींना पत्रे लिहावीत, आणि सार्वजनिक पैशावर उभ्या असलेल्या प्रत्येक मैदानाच्या मालकाला जिंकण्यासाठी प्रामाणिक खर्च करण्याची लेखी अट घालावी, अशी मागणी धरावी. प्रेक्षक विजयाची हमी मागत नाही, आणि मागूही नये. आपला संघ जिंकण्यासाठी खेळत आहे एवढी हमी मागण्याचा मात्र त्याला पूर्ण अधिकार आहे, आणि ती मिळेपर्यंत त्याने गप्प बसू नये.